सातव्या महिन्याची वाट बघणारं ताट

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, आणि
मा. मंत्री, आदिवासी विकास,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अमृत आहाराचं ताट

सप्रेम नमस्कार.

तुम्हा दोघांना एकच पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. आमच्या भागात गरोदर बाईला अंगणवाडीत जे गरम ताट मिळतं, त्याचे पैसे एका खात्याचे आणि अंगणवाडी दुसऱ्या खात्याची. एकाला लिहिलं की कागद 'पुढील कार्यवाहीस्तव' दुसऱ्याकडे जातो आणि तिकडून तसाच परत येतो. नोकरीत असताना बीट मीटिंगला, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीला, हा विषय काढला की कुणीतरी हळूच म्हणायचं, बाई, हे इथं नको. आता मी निवृत्त आहे. म्हणून उघडच लिहिते.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी १९९४ साली सेविका म्हणून लागले. त्याच्या दोनेक वर्षं आधी वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी आमच्या तालुक्याचं नाव राज्यभर झालं होतं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो २०१४ ला. मी लागले तेव्हाही गाड्यांची ये-जा चालूच होती. साहेब लोक उतरायचे, मुलांच्या दंडाला हात लावून बघायचे, बिस्किटाचे पुडे वाटायचे आणि अंधार पडायच्या आत घाट उतरून जायचे. मी एकतीस वर्षं तिथंच राहिले. किती मुलं काट्याला लावली याचा हिशोब नाही. पण एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली, म्हणजे पुस्तकात वाचलेली होती पण कळायला लागली : काट्यावर मूल असतं, पण काटा जे दाखवतो त्यातलं बरंचसं आईच्या ताटात आधीच ठरून गेलेलं असतं.

२००६ च्या श्रावणात पाड्यावर एक मुलगी झाली. घरीच, रात्रीची, वर धो धो पाऊस. तिसऱ्या दिवशी मी तिला झोळीच्या काट्यात ठेवली तर काटा दोन किलोच्या आतच थांबला. एक किलो नऊशे. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं, हे आमच्या प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य. तिच्या आईनं सबंध आषाढ आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, जाण्यात काढलेला, पोटाशी आलेल्या चिखलात वाकून. दुपारी काय खायचीस म्हणून विचारलं. पेज, म्हणाली. आणि सकाळी? पेज. रात्री भाकर, उरली तर. त्या मुलीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण हे पत्र खरं तर तिच्यामुळेच लिहायला बसले.

आमच्याकडची भूक वर्षभर एकसारखी नसते, हे मुंबईतून दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास भात, नागली, वरी घरात येते, कणगी भरते, चार लग्नं होतात. मग भात संपत आलं की माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला. कातकऱ्यांनी तर भट्टीमालकाकडून बयाणा आधीच उचललेला असतो. होळीला परत येतात, पुन्हा जातात, आणि पाऊस लागला की कायमची घरी येतात. तेव्हा कणगीत हात घातला तर तळ लागतो. नवं पीक यायला अजून चार महिने. शासनाला हे ठाऊक नाही असं नाही. याच दिवसांसाठी तर १९७८ पासून खावटी कर्ज होतं, आणि करोनाच्या काळात तेच चार हजारांचं खावटी अनुदान झालं, निम्मं रोख, निम्मं किराणा. याच दिवसांत शहरातली माणसं दाभोसाचा धबधबा बघायला येतात. हिरवंगार जव्हार, 'ठाण्याचं महाबळेश्वर'. येऊ देत, दोन पैसे मिळतात. पण भजी खात जे हिरवं ते बघतात, त्याच हिरव्यात आमच्या बाया शेवळा, कवळा, टाकळा, लोत शोधत फिरत असतात, कारण भाकरीबरोबर खायला दुसरं काही नसतं. रानभाजीचा महोत्सव करायची आता पद्धत पडलीय. तिथं ताटाला शंभर-दोनशे रुपये लावतात. असो.

या दिवसांत घरात सगळ्यात कमी कोण खातं, हे विचारायला सर्व्हे नको. जी रांधते ती शेवटी जेवते, आणि पातेल्याच्या तळाशी जे राहिलं ते तिचं. यात सासू दुष्ट असते असं मुळीच नाही. सासूनंही जन्मभर तसंच खाल्लेलं असतं. त्यात पोटुशी बाईनं जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं, हा समज अजून आहे. दवाखाना दूर, रस्ता वाहून गेलेला, अशा ठिकाणी तो समज अगदीच वेडेपणाचा वाटत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. बाई अडली तर डोलीतून न्यायची, आणि ती डोली न्यायला माणसं कुठून आणायची, हा विचार करूनच ती दोन घास कमी खाते.

तुमच्याकडून येणारी पाकिटं आम्ही वर्षानुवर्षं वाटली. सुकडी, शिरा, उपमा. पाकिटावर गरोदर मातेचं चित्र असायचं, पण पाकीट एकदा उंबऱ्याच्या आत गेलं की ते घराचं. चार पोरं, म्हातारा, म्हातारी, सगळ्यांच्या तोंडाला थोडं थोडं लागायचं. काही पाकिटं तर शेळ्यांपुढेही गेलेली मी पाहिली आहेत, आणि चव घेतल्यावर शेळ्यांना मी दोष दिला नाही. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या बायांच्या गटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं होतं. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं आपल्या राज्याची घरपोच आहाराची निविदा रद्द केली. पंधरा वर्षांत दोनदा तेच सांगावं लागलं.

म्हणून २०१५ च्या शेवटी अमृत आहार आला तेव्हा मला खरंच आनंद झाला. योजनेला डॉ. अब्दुल कलामांचं नाव, आणि अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या, क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना दिवसातून एक वेळ पोटभर गरम जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, उसळ, शेंगदाण्याचा लाडू, अंडं, आणि अंडं न खाणारीला केळं किंवा नाचणीचा हलवा. सरकारी कागदावर त्याला 'चौरस आहार' म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चांगलं ठेवलंय.

पहिल्या दिवशी सात जणी आल्या. मदतनीसनं ताटं वाढली आणि एकही बसेना. एक उठून पाणी आणायला गेली, दुसरी मदतनीसच्या हातातली पळी घ्यायला लागली. म्हटलं, अगं बसा, तुम्हाला वाढलंय. त्यांना ते समजेचना. लग्न झाल्यापासून यांना कुणी बसवून वाढलंच नव्हतं. बसल्या, तर एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मग एकीनं अंडं आणि अर्धी भाकर हळूच पदरात बांधली. मी रागावले. इथंच खायचं असतं, नियम आहे, असं काहीतरी बोलले. ती काही न बोलता गाठ सोडायला लागली, तेवढ्यात दारात तिचं मोठं पोर दिसलं, दोन वर्षांचं, नाक पुसत उभं. त्याच्या वाटणीची सुकडी घरी होती, किंवा संपलेली होती. त्या बाईनं ते अंडं माझ्यासमोर खायचं आणि पोरानं बघायचं, असा माझा नियम होता.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्या पोरांनाही घेऊन या म्हणून सांगितलं. तीन वर्षांच्या वरच्यांचा आहार अंगणवाडीत शिजतोच, त्याच वेळी बसवलं. खालच्यांना आईच्या ताटाशेजारी एक वाटी. रजिस्टरमध्ये ही वाटी कुठंच दाखवता यायची नाही. दाखवली नाही. पण पदराच्या गाठी बंद झाल्या. पुढच्या वर्षी मुलांसाठी अंडी-केळी सुरू झाली तेव्हा काही प्रमाणात तो प्रश्न सुटला, म्हणजे वरच्या साहेबांनाही माझ्यासारखंच सुचलं असावं, फक्त उशिरा.

महिनाभरात आणखी एक झालं, जे तुमच्या कुठल्याच अहवालात येत नाही. बाया उशिरा निघू लागल्या. जेवण वीस मिनिटांत व्हायचं, पण तासभर बसायच्या. कुणाची पाळी चुकलीय, कुणाच्या पायाला सूज आहे, कुणाच्या नवऱ्यानं भट्टीवरून पैसे पाठवले नाहीत, कुणाला लोहाच्या गोळीनं मळमळतं. आधी मी घरोघर जाऊन विचारायचे तर दारात सासू, आत सून, आणि सून म्हणायची, बरं आहे. त्या तासात एकीनं सांगितलं की तिला दोन मुलींनंतर हे तिसरं नको होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. महिला सक्षमीकरणाचे मेळावे मी खूप पाहिलेत, बसमध्ये बसवून नेतात, फेटे बांधतात, भाषण होतं. आमच्या पाड्यावर ते त्या जेवणानंतरच्या तासात झालं, जेवढं झालं तेवढं.

आता ज्या गोष्टीसाठी दोघांना एकत्र धरलंय, तिच्याकडे येते.

ताटासाठी सुरुवातीला २५ रुपये मिळायचे, पुढे ३५ झाले. ते पुरतात की नाही यावर मी भांडत नाही. डाळ आणि तेलाचे भाव तुम्हालाही दिसतात. माझं भांडण पैसे कधी येतात यावर आहे. पैसे आदिवासी विकासकडून निघतात, महिला-बालविकासकडे येतात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयाला, तिथून गावच्या आहार समितीच्या खात्यात. वाटेत कुठल्यातरी टेबलावर ते बसतात. कुठल्या, मला माहीत नाही, आणि कुणाचं नावही घ्यायचं नाही. एका पावसाळ्यात ते चार महिने बसले. चूल मात्र रोज पेटायला हवी, नाहीतर सेविकेला नोटीस. मग आमचं काय चालतं? किराणा दुकानातली वही. पहिला महिना दुकानदार हसत देतो. दुसऱ्या महिन्यात 'बाई, थोडं तरी जमा करा' म्हणतो. तिसऱ्या महिन्यात तो काहीच म्हणत नाही, फक्त तेलाचा डबा खाली उतरवायला उशीर करतो. मी माझ्या मानधनातून भरलं. एकदा मुलीसाठी केलेले कानातले गहाण टाकले. हे मोठेपणासाठी सांगत नाही; आमच्या बीटमधल्या निम्म्या सेविका हेच करत होत्या.

आणि ताटाचं काय होतं ते लक्ष देऊन वाचा. उधारी वाढली की ताटातून आधी अंडं जातं, कारण अंडी रोखीनंच मिळतात. मग लाडू, कारण शेंगदाणा-गूळ महाग. मग पालेभाजी, कारण ती आणायला बाजारात जायचं तर भाडं लागतं. शेवटी भात आणि पातळ डाळ उरते. म्हणजे जे घरी मिळतं तेच. ज्यासाठी ताट सुरू केलं ते सगळं गेलेलं असतं आणि रजिस्टरमध्ये सातच्या सात सह्या असतात. वर बसून बघणाऱ्याला योजना चालू दिसते. हो, आमच्यातही कागदावर ताटं वाढणाऱ्या आहेत, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण चार-चार महिने पैसे न देता तुम्ही प्रामाणिक सेविकेलाही ती वाट दाखवता.

उपाय काही अवघड नाही. तिमाहीचे पैसे तिमाही सुरू व्हायच्या आधी खात्यात हवेत, निदान जून ते ऑक्टोबरचे तरी. हे अगदीच जमत नसेल तर पेसा कायद्यातल्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला जो ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो, तो आरोग्यासाठीही वापरता येतो. त्यातून ताटासाठी फिरती रक्कम बाजूला ठेवा, शासनाचे पैसे आले की परत भरा, असं एक पत्रक तुम्ही दोघांनी सही करून काढलं तरी पुष्कळ होईल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तो ठराव तिथंच व्हावा. पुरुषांच्या सभेत तो निधी गटारात, पेव्हर ब्लॉकात आणि कमानीत जातो, हा माझा अनुभव.

समितीबद्दलही एक सांगते. आहार समितीवर पंचायतीतली एक महिला सदस्य अध्यक्ष, सेविका, आणि लाभार्थी बाया असतात. कल्पना उत्तम. आमच्या अध्यक्षबाईंच्या पहिल्या वर्षी सगळं त्यांचे मालक बघायचे. पैसे काढायची स्लिप ते घेऊन यायचे, बाईंचा अंगठा आधीच उमटलेला. त्या सही शिकल्या ती अंगणवाडीतच, पाटीवर, मुलांच्या शेजारी बसून. एक दिवस मालक स्लिप मागायला आले तर म्हणाल्या, रक्कम लिहिल्याशिवाय सही करायची नाही असं बँकेतल्या सायबानं सांगितलंय. सायबानं काहीही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्या स्वतः बँकेत जायला लागल्या, आणि अंडी दुकानातून न घेता पाड्यावरच्याच कोंबड्यांची घ्यायची हे त्यांनीच ठरवलं. ज्या बायांची अंडी, त्यांच्याच हातात पैसे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं लावलं, चांगलं केलं. पण स्वतःच्या कोंबडीचं अंडं विकून आलेले पैसे कनवटीला खोचून घरी जाणारी बाई काय चालीनं जाते, ते बघायला तुम्ही एकदा या.

आता सातवा महिना.

अमृत आहाराचं ताट शेवटच्या तीन महिन्यांसाठी आणि बाळंतपणानंतर सहा महिने. त्याआधी पाकीट. हे कुणी ठरवलं, कशावरून, मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचं वजन भराभर वाढतं, हे खरं. पण बाळाला पोसणारी वार धरते ती पहिल्या तीन महिन्यांत. आईचं रक्त कमी असेल तर ते सातव्या महिन्यात भरून निघत नाही. आमच्याकडे ज्यांचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, सातवर असायचं त्यांचं गोळ्या देऊनही बाळंतपणापर्यंत जेमतेम नऊवर यायचं. गरोदर बाईला रोज साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात असं आम्हाला शिकवतात. म्हणजे दोन भाकऱ्या आणि एक अंडं, एवढाच काय तो सवाल आहे. अन्नसुरक्षा कायद्यातही गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मोफत आहार, असं लिहिलंय. त्यात सातव्या महिन्याचा शब्द नाही. तुम्ही म्हणाल, आधीचे सहा महिने पाकीट देतोच की. पाकिटाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

शेजारी बघा. तेलंगणानं २०१५ ला आरोग्यलक्ष्मीत गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण द्यायला घेतलं, वर दूध आणि अंडं. कर्नाटकानं २०१७ पासून मातृपूर्ण सगळ्या राज्यात नेली, गरोदरपण आणि पुढचे सहा महिने मिळून. तिथंही अडचणी आल्या. डोंगराळ भागात बायांना रोज एवढं चालवेना, पहिल्या महिन्यांत मळमळ असते तेव्हा जेवणाचा वासही नको वाटतो. त्या अडचणी आम्हालाही येतील. लांबच्या पाड्यावरच्या बाईसाठी तिथंच एखाद्या घरी ताट शिजवायला परवानगी द्या, मदतनीसला चार पैसे द्या. मार्ग निघतात. आधी सातव्या महिन्याची अट बदला.

राज्याचे आकडे तुमच्या टेबलावर असतीलच. पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं २०१५-१६ च्या पाहणीत ३६ टक्के होती, २०१९-२१ च्या पाहणीत ३६.१. रक्तक्षय असलेल्या बाया ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेल्या. या मधल्या वर्षांत किती योजना, किती ॲप, पोषणाचे किती पंधरवडे आणि माह झाले ते मी मोजलेलं नाही, पण सेल्फी काढून पाठवायचे फोटो मात्र मी स्वतः काढलेत.

ॲपचा विषय निघालाच आहे. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, माझ्यापेक्षा शिकलेली. तिचा सकाळचा वेळ चेहरे ओळखण्यात जातो. आता पाकीट देताना बाईचा चेहरा फोनला ओळखायला लागतो. पाड्यावर रेंज नाही. म्हणून पाचव्या महिन्याच्या बाईला घेऊन ही टेकडीवर चढते. वर गेल्यावर ओटीपी. ओटीपी कुणाच्या फोनवर? नवऱ्याच्या. नवरा कुठं? भट्टीवर, आणि फोन बंद. दोघी खाली उतरतात. चेहरा जुळला नाही म्हणून पाकीट राहतं आणि हजेरी पडत नाही. तोंड धुवून ये, पदर नीट घे, टिकली लावून ये, असं सगळं करून बघितलं म्हणते ती. एका बाईचा चेहरा तर बाळंतपणानंतर जुळेनाच. साहजिक आहे, सुकली होती ती. चोरी थांबवायची तर वर जिथं टनावारी माल फिरतो तिथं थांबवा. गरीब बाईनं स्वतःचा चेहरा स्वतःचाच आहे हे सिद्ध करायचं, हे मला पटत नाही.

आणि लाडकी बहीण. महिन्याचे दीड हजार रुपये बायांच्या खात्यात येतात, त्यातून चणे येतात, सुकट येते, पोराला बूट येतात. मी डोळ्यांनी बघते आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याला वयाची खालची अट २१ आहे. आमच्याकडे मुलीचं लग्न अठरा पूर्ण झालं की होतं, पहिलं बाळ विसाव्याच्या आत. म्हणजे जिला दीड हजारांची सगळ्यात जास्त गरज, त्या दोन-तीन वर्षांत ती तुमची बहीण नाही. पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे पाच हजार आहेत म्हणा, पण ते हप्त्यांनी, आणि कागद पूर्ण झाले तर. गरोदर असलेल्या बाईला वयाची अट लावू नका, एवढं एक कलम घालता येईल. किती जणी वाढतील? पाड्यावर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.

बाळ झाल्यावरचा एक मुद्दा राहिला. सहा महिने अंगावरचं दूध, मग उष्टावण, मग वरचं खाणं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. हे सगळं आई घरी असेल तर. आवणीला आई पहाटे जाते, बाळ आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. ताई बाळाला काय चार वेळा भरवणार, ती स्वतःच शाळा बुडवून बसलेली. बाळ घसरतं ते याच दिवसांत. दंडाचा घेर मोजायचा रंगीत पट्टा आषाढात पिवळ्यात असतो, श्रावण संपेपर्यंत साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल. मग कुपोषित मुलांसाठीचं गावातलं ग्राम बाल विकास केंद्र, मग बाल उपचार केंद्र, आईची मजुरी बुडवून दवाखान्यात मुक्काम. छत्तीसगडात सरगुज्याच्या बाजूला पाड्यावरच्या आयांनीच आळीपाळीनं चालवलेल्या फुलवाऱ्या सुरू झाल्या, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. चार महिने तसं पाळणाघर आम्हालाही द्या. दोन बाया, एक चूल, खिचडी आणि वरून तेल. उपचार केंद्रातल्या खाटेपेक्षा स्वस्तच पडेल.

भट्टीवर गेलेल्यांचंही असंच. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची नोंद ठेवायला राज्यानं वेगळी प्रणाली केली, त्यात आमचा जिल्हाही आहे. नोंद होते. पण भट्टीजवळच्या अंगणवाडीत आमची बाई गेली तर तिथं अमृत आहार नाही, कारण ते गाव अनुसूचित क्षेत्रात नाही. नाव तिचं पोचतं, ताट पोचत नाही. ताट बाईच्या नावावर लावा, गावाच्या नकाशावर नको.

आता त्या मुलीचं. एक किलो नऊशेची. जगली, शाळेत गेली, दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकली, उंची मात्र वाढलीच नाही म्हणावी इतकी कमी. गेल्या वर्षी लग्न होऊन शेजारच्याच घरात आली. परवा अंगणवाडीत भेटली. मी आता सहज म्हणून जाते, भाजी निवडायला बसते. नोंदणी झालीय तिची, माता-बाल कार्ड पिशवीत होतं. वजन अडतीस किलो. रक्त साडेआठ. ओट्यावर बसून ती आतल्या पंगतीकडे बघत होती. अंड्याचा दिवस होता. नव्या सेविकेनं मला डोळ्यांनीच विचारलं, आणि मी तिला काहीच उत्तर दिलं नाही, कारण आता जबाबदारी तिची आणि ताटं मोजून आलेली.

आषाढात तिलाही आवणीलाच जावं लागणार आहे. पाचवा महिना चालू आहे. तुमच्या नियमानं तिचं ताट अजून दोन महिने लांब आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. जव्हार, जि. पालघर